चौदा नंबरची पुसणी

तिनं काच उचलून खिडकीच्या उजेडात धरली, कडेला चिकटवलेली चिठ्ठी पुन्हा वाचली आणि काच परत भिंगाखाली सरकवली. चिठ्ठीत चूक नव्हती. अक्षर तिचंच होतं. खोळ, उजवी बाही, काखेजवळ, पुसणी क्रमांक चौदा. खाली तारीख, अकरा वर्षांपूर्वीची.

भिंगाखाली दिसत होतं ते मात्र काही केल्या चिठ्ठीशी जुळेना.

चंद्रावरची धूळ ती वीस वर्षं बघत आली होती. खरी नव्हे, खरी बघायला मिळते कुणाला. तिच्या कामाच्या जागी काळा दगड कुटून, चाळून तसलीच धूळ बनवत, आणि भिंगाखाली ती फुटक्या काचेसारखी दिसे. तिकडे वारा नाही, पाणी नाही, कणांची टोकं घासून बोथट करणारं कुणीच नाही. त्यामुळे प्रत्येक कण धारदार राहतो आणि कपड्यात, बिजागरीत, माणसाच्या छातीत, जिथे शिरेल तिथे रुतून बसतो. चौदा नंबरच्या काचेवर तसलं एकही टोक नव्हतं. नुसते पापुद्रे होते. चपटे, पातळ, एकमेकांवर रेललेले.

तिनं डोळा बाजूला घेतला, पुसला, परत लावला. पापुद्रेच.

ती खुर्चीत मागे टेकली. हे कशाचे, ते ओळखायला फार शिकावं लागत नाही. घरोघरी न्हाणीघराच्या फळीवर याचा डबा असतो. ती घामोळ्यांची पावडर होती.

त्या इमारतीत तिला तोंडावर मॅडम म्हणत आणि पाठीमागे पुसणीबाई. काम सांगायला सोपं, करायला किचकट. चंद्रावर माणसं ज्या घरात राहणार, तस्संच एक घर खालच्या मोठ्या शेडमध्ये उभारलेलं होतं, आणि त्याला लागून धूळखोली. कुणी नवा कपडा, नवी झडप, नवं दार आणलं की ते धूळखोलीत टांगायचं, सहा तास त्याच्यावर धूळ उडवायची आणि मग चिकट पट्टीच्या बोटभर तुकड्यानं आतली बाजू टिपून तो तुकडा काचेवर डकवायचा. याला पुसणी म्हणत. पुसणीवर चाळीस कणांपर्यंत पास, एक्केचाळीस झाले की नापास. एक्केचाळिसावा कण तिच्या हातून कधी सुटला नाही अशी तिची ख्याती होती. "उद्या देव खाली उतरला तरी बाई आधी त्याच्या पायांची पुसणी घेतील," असं भांडारवाले म्हणत. ते कानावर आलं तेव्हा तिनं वरवर कपाळाला आठ्या घातल्या होत्या, पण आतून तिला बरंच वाटलं होतं.

धूळखोलीच्या दारावरची पाटीही तिनंच लिहिलेली. पावडर, अत्तर, काजळ, लोकर: दाराबाहेर.

जुन्या काचा काढायची वेळ आली ती वरच्या रडगाण्यामुळे. चंद्रावरच्या वस्तीत आता सहा माणसं राहत होती, आणि महिनाभर तिकडून एकच तक्रार येत होती. ब्रशनं झाडतो, चिकट रोलर फिरवतो, तरी बाहेरच्या पोशाखाबरोबर धूळ आत येतेच. बाहेरच्या दाराची कडी नीट बसत नाही. हवा गाळायच्या जाळ्या आठवड्यात काळ्या होतात. दोघांचा खोकला जात नाही. साहेबांनी फर्मान काढलं की आजवर नापास केलेली प्रत्येक युक्ती पुन्हा बघा. तिनं पहिलं कपाट उघडलं आणि पहिल्याच खणात टेलरकाकांची खोळ निघाली. म्हणजे खोळ नाही. नापास वस्तू जाळून टाकायचा नियम होता. फक्त तिच्या काचा.

टेलरकाका अंतराळवीरांचे पोशाख शिवणाऱ्या विभागात होते. शिक्षण बेताचं, पण हात असा की मोठे इंजिनियर त्यांच्या मशीनशेजारी स्टूल ओढून बसत. एके दिवशी ते चंदेरी कापडाच्या दोन बाह्या घेऊन आले, एक उजवी, एक डावी. पोशाखावरून ही खोळ चढवायची. बाहेरचं काम करून माणूस दाराशी आला की खांद्यापाशी धरून एक झटका द्यायचा. खोळ निघता निघताच उलटी होते आणि सगळी धूळ तिच्या पोटात राहते.

"हे सुचलं कुठून?" कुणीतरी विचारलं होतं.

"आमची ही उशीचा अभ्रा काढते, ते बघून," काका म्हणाले होते. "डोक्याचं तेल, कोंडा, सगळं आतल्या आत. गादीवर कण पडत नाही."

आधी झिरपण्याची परीक्षा, मग उलटवण्याची, असं ठरलं. उजवी बाही सहा तास धुळीत टांगली. पुसणी घ्यायला ती स्वतः गेली. मनगटाशी बारा नंबर, कोपराशी तेरा, काखेजवळ चौदा. बारावर नऊ कण, तेरावर अकरा. चौदावर एकशे बारा. तेव्हा मोजणी यंत्र करायचं. ते कण मोजायचं, कसले ते विचारायचं नाही.

काका म्हणाले होते, "मॅडम, एकदा परत टिपून बघता का?"

"दुसरी पुसणी नेहमी स्वच्छच निघते, काका. पहिलीनं धूळ उचललेली असते ना. म्हणून तर ती धरत नाहीत."

नियम बरोबरच होता. तिथे थांबली असती तर गोष्ट वेगळी. पण खोलीत आठ-दहा माणसं होती, साहेब होते, आणि आपल्या काटेकोरपणाचा तिला तेव्हा फार अभिमान होता. ती पुढे म्हणाली होती, "आणि काका, ही काही घरातली उशी नाही. इथे चालवून घेता येत नाही."

लोक हसले. काकांनी गळ्यातली टेप काढली, बोटांवर गुंडाळली आणि खिशात ठेवली. दोन महिन्यांनी त्यांनी वेळेआधीच नोकरी सोडली. तब्येतीचं कारण दिलं म्हणे. निरोपाच्या दिवशी ती सुट्टीवर होती.

आता त्या काचेकडे बघत बसल्या बसल्या तिला ती सकाळ आठवली, आणि आठवली ती सगळीच. लेक तीन वर्षांची. रात्रभर घामोळ्यांनी रडलेली, पहाटे मान-पाठ पावडरनं पांढरी केल्यावर कुठे निजली, ती आईच्या दंडावर डोकं ठेवून. तो हात हळूच सोडवून घेतला तेव्हा कामाला उशीर झाला होता. तिनं तोंड धुतलं, हात धुतले. हात म्हणजे कोपरापर्यंत. नावापुरती आंघोळ उरकायलाही वेळ नव्हता.

आणि धूळखोलीत पुसणी घेताना अंगातल्या डगल्याची बाही तिनं खांद्यापर्यंत वर सारली होती. का, तर डगल्यावर उडालेली खोलीतली धूळ खोळीच्या आत लागू नये म्हणून! हातमोजा मनगटापर्यंत. पुढचा सगळा उघडा हात, दंडासकट, काखेजवळच्या कापडाला घासत आत गेला आणि घासत बाहेर आला. दुसऱ्या कुणी असा हलगर्जीपणा केला असता तर तिनं त्याला उभा सोलला असता. पण हा हलगर्जीपणा नव्हता. ती काळजीच होती, नको तितकी.

भिंगातून काढलेले दोन्ही फोटो साहेबांनी बघितले, एक धूळखोलीतल्या धुळीचा, एक चौदा नंबरचा, आणि ते पालथे घालून ठेवले.

"झालं ते झालं. अकरा वर्षं झाली."

"त्यांची खोळ पास होती, साहेब."

"मग परत तपासू ना. चिठ्ठी देतो. जुना नमुना शंकास्पद वाटल्यामुळे फेरतपासणी, आपण यावं, खोळ आणावी. त्यांचाही मान राहील, आपलाही. पावडरबिवडर कशाला काढता? म्हाताऱ्या माणसाला नसता मनस्ताप."

तिनं मान डोलावली. खरं सांगायचं तर तिला ते पटलंही. तरी घरी जाऊन चिठ्ठीच्या पाकिटात तिनं ते फोटो घातले, मग काढले, मग पुन्हा घातले. जेवताना लेकीला विचारलं, "तुला लहानपणी घामोळं यायचं, आठवतं?"

"आई, तीन वर्षांचं कुणाला आठवतं?" चौदा वर्षांची लेक म्हणाली. "का? आता काय केलं मी?"

"तू काही नाही केलंस," ती म्हणाली, आणि पानातून उठली.

टेलरकाकांचं घर सायकल दुरुस्तीच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर होतं. दुपारी चारचा सुमार. तिनं बेल वाजवली, थांबली, परत वाजवली. शेजारचं दार किलकिलं झालं.

"जोरात दाबा. काकूंना कमी ऐकू येतं. आणि काका शिवायला बसले की त्यांनाही येत नाही."

दार काकूंनी उघडलं. बुटक्या, गोल, हात ओले. तिनं आपली ओळख दिली, दोनदा दिली, आणि तिसऱ्यांदा ओरडून दिल्यावर काकूंचा चेहरा उजळला.

"अगंबाई, तू ती पुसणीबाई! मग सांग ना तसं. ये, आत ये. ते कानातलं मशीन मी घालतच नाही. घातलं की सगळं घर माझ्याशी भांडतंय असं वाटतं."

बैठकीवर पाच-सहा लांबट लोड पडले होते. चंदेरी, राखाडी. कापड तिनं दारातूनच ओळखलं. काकूंनी तिची नजर पकडली.

"बघतेस काय? ह्यांचे नापास आहेत सगळे. एक शिवतात, नापास म्हणून बाजूला टाकतात, की लागले दुसरीला. फेकून कुठे देऊ? कापूस भरला. अख्ख्या गल्लीत वाटलेत. निम्मी गल्ली ह्यांच्या बाह्यांवर डोकं ठेवून झोपते." त्या खळखळून हसल्या. मग दाराकडे बघून त्यांनी आवाज उतरवला, म्हणजे त्यांच्या मते उतरवला. "माझी एक आत आहे. पहिल्या जोडीतली, डावी. तिला मी ह्यांना बोट लावू देत नाही. दिली की लगेच उसवायला बसतील."

पाणी मागावंसं वाटलं, पण मागितलं नाही.

आतल्या खोलीत खिडकीशी टेबल, टेबलावर दिवा, भिंग, काजळीची डबी, आणि काका. वाळले होते. चष्म्याची काच जाड झाली होती. तिला बघून ते लगबगीनं उठले, खुर्ची रिकामी केली, तिच्यावरचे दोरे झटकले.

"मॅडम! तुम्ही स्वतः?"

तिनं पाकिटातून चिठ्ठी तेवढी काढून दिली. काकांनी ती वाचली. मग दिव्याखाली धरून पुन्हा वाचली.

"बोलावणं येणार हे मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "उशिरा येईल, पण येईल. आणि आलं तेही बरोबर वेळेवर बघा. सापडलं, मॅडम."

"काय सापडलं?"

"भोक."

त्यांनी टेबलाखालून एक बाही काढली आणि तान्हं मूल द्यावं तशी दोन्ही हातांवर तिच्यापुढे धरली.

"काखेत. तुमच्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं, काखेजवळ. मी मूर्खासारखा आधी चार वर्षं मनगटापासून शोधत आलो. मग म्हटलं, त्या बाईंची पुसणी खोटी असायची नाही, तिथेच बघ. हात वर केला की शिवणीवर ताण येतो आणि सुईचं भोक उघडतं. केसाएवढं. गेल्या महिन्यात दिसलं. मग दुहेरी शिवण घातली, आतून पट्टी, बाहेरून पट्टी. आता काजळी फुंका, काय वाटेल ते फुंका. कण जात नाही."

"काका..."

"नाही, मला बोलू द्या. तेव्हा मी तुमच्यावर फार चिडलो होतो. खोटं कशाला बोलू? घरी येऊन हिच्यावर राग काढला. ही म्हणाली, तुमची शिवण चुकायची नाही, त्या बाईचंच काहीतरी चुकलं असेल. मी म्हटलं, तुला यातलं काय कळतं? महिनाभर धड बोललो नाही हिच्याशी. पुढे कुणाचे कपडे शिवायला बसलो तरी शिवण वाकडी जायची. वाटायचं, गेला हा हात." त्यांनी चष्मा सारखा केला. "पण तुम्ही बरोबर होतात. तुम्ही तेव्हा चालवून घेतलं असतंत, तर वर कुणाच्या तरी छातीत धूळ गेली असती आणि पाप माझ्या माथी आलं असतं. तुमचे उपकारच आहेत."

तिला हायसं वाटलं. नको होतं, पण वाटलं, आणि त्याची लाजही वाटली. साहेब म्हणाले तेच खरं, तिनं मनाशी म्हटलं. माणूस सुखात आहे. त्याला उत्तर सापडलंय. आता त्याच्यापुढे फोटो टाकून कुणाचं भलं होणार? खोळ घेऊन जावी, पास करावी, छापून आणावं त्यांचं नाव. ती उठलीसुद्धा.

"नेते मी ही. उद्याच टांगते."

"अशी कशी नेता? हात तर घालून बघा," काका म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही कौतुक होतं की नाही म्हणवेना.

तिनं पर्स खाली ठेवली आणि सवयीनं, विचार न करता, कुडत्याची बाही दंडापर्यंत वर सारली. मग आपल्या उघड्या दंडाकडे बघत क्षणभर तशीच उभी राहिली.

"घाला, घाला."

तिनं हात आत घातला. कापड गार होतं, पण काखेत जाड, टोचणारं. पट्टीवर पट्टी.

"आता खांद्यापाशी धरा आणि ओढा. एका झटक्यात."

तिनं ओढलं. खोळ वीतभर उलटली आणि काखेतल्या शिवणीवर अडकली.

"नवी आहे ना, जरा कडक आहे," काका म्हणाले. "जोर लावा."

तिनं जोर लावला. काकांनीही पुढे होऊन दुसरी बाजू धरली. दोघांनी मिळून हिसडे दिले, तेव्हा कुठे ती अर्धी सुलटी, अर्धी उलटी, चुरगळून हातातून निघाली. तिच्यावर आत्ता धूळ असती तर सगळी खोली भरली असती. दोघांच्या नाकातोंडात गेली असती. त्या जाड शिवणीनं एक कण आत येऊ दिला नसता हे खरं, पण जे करण्यासाठी खोळ जन्माला आली होती तेवढंच ती आता करू शकत नव्हती.

काका अजून हसतच होते. त्यांनी ते बघितलंच नव्हतं. अकरा वर्षं ते भोक शोधत होते; उलटवून बघायचं त्यांच्या ध्यानातूनच गेलं होतं.

ही नेली तर ही पुन्हा नापास होणार. आणि या वेळी खरोखरची. तिला रडू आलं, पण आत्ता रडणं म्हणजे शुद्ध सोंग झालं असतं. तिनं पर्समधून फोटो काढले आणि दिव्याखाली ठेवले.

"काका, हे बघा. हा आपल्या धुळीचा फोटो. आणि हा चौदा नंबरचा."

काकांनी भिंग घेतलं. धूळ त्यांनाही काही कमी कळत नव्हती. बराच वेळ ते एका फोटोवरून दुसऱ्यावर जात राहिले.

"हे काय आहे? ही धूळ नाही."

"पावडर आहे. माझी." आता थांबले तर शब्द परत निघणार नाहीत हे तिला कळत होतं. "लेकीला घामोळं होतं. ती माझ्या दंडावर झोपली होती. मी घाईत तशीच आले. बाही वर केली आणि तुमच्या खोळीत हात घातला. तुमच्या शिवणीतून काही आलं नव्हतं, काका. मी नेलं होतं."

खाली दुकानात कुणीतरी सायकलची घंटी वाजवून बघत होतं. एकदा, दोनदा. थांबली.

"मग भोक?" काका म्हणाले.

"नव्हतं."

"पण मला सापडलं की. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

"इतकी वर्षं त्याच जागी सुई घातलीत, उसवलीत, परत घातलीत," ती म्हणाली. "भोक सापडणारच."

काका खाली बसले. चुरगळलेली खोळ त्यांनी मांडीवर घेतली आणि तिच्यावरून हात फिरवत राहिले. तिला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"किती वर्षांची होती लेक?"

"तीन."

"आता?"

"चौदा."

त्यांनी मान डोलावली. "वर काय वापरतात सध्या?"

"ब्रश. चिकट रोलर."

"जाते धूळ?"

"नाही. दोघांना खोकला आहे."

"अकरा वर्षं, बाई," काका म्हणाले. मॅडम म्हणाले नाहीत. आवाज चढला नव्हता, पण हात थांबला होता. "ही काही घरातली उशी नाही, असं म्हणाला होतात तुम्ही. सगळ्यांसमोर."

"हो."

"मी विसरलो नाही."

"मीही नाही. मला माफ करा म्हणायला तोंड नाही, काका. काय करू सांगा. साहेबांना लेखी देते. सगळ्यांसमोर सांगते."

काकांनी स्वयंपाकघराच्या दिशेनं बोट केलं.

"सगळ्यांना मग सांगा. आधी हिला सांगा. मी नाही सांगणार. माझ्यानं होणार नाही. आणि मोठ्यानं सांगा, तिला कमी ऐकू येतं."

काकू ओट्याशी भांडी पुसत होत्या. ती जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिली.

"काकू, काकांची शिवण बरोबर होती."

"काय?"

"काकांची शिवण बरोबर होती! चूक माझी होती!"

"कुणाची चूक?"

"माझी!" ती ओरडली. मागच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारं कुणीतरी थबकलं. जिन्यावरची पावलं थांबली. "माझ्या हाताला पावडर होती! मी खोळीला लावली! काकांची शिवण पहिल्यापासून बरोबर होती! चूक माझी होती, काकू!"

आता काकूंना ऐकू गेलं. त्यांनी हातातलं भांडं पुसून पुरं केलं, पालथं घातलं, फडकं खिळ्याला अडकवलं. तिच्याकडे बघितलं नाही. दारात काका येऊन उभे होते, त्यांच्याकडे बघितलं. काकांची मान खाली होती.

"मग?" काकू त्यांना म्हणाल्या. "मी काय म्हटलं होतं?"

काकू त्यांच्या अंगावरूनच झोपायच्या खोलीत गेल्या आणि एक लोड घेऊन बाहेर आल्या. खोळीचा चंदेरी रंग केव्हाच उडाला होता. धुऊन धुऊन कापड विरलं होतं, आणि मधोमध डोक्याएवढा खळगा पडला होता. काकूंनी खांद्याकडचे चार टाके दातांनी तोडले, तिथली कड चिमटीत धरली आणि एक झटका दिला.

खोळ सरसरत उलटी झाली, पुरती, एका दमात. आतला कापसाचा गठ्ठा काकूंच्या काखेत तसाच राहिला, एक तंतू जमिनीवर पडला नाही.

काकांनी पुढे होऊन ती घेतली, काखेतली शिवण बोटांनी चाचपली, चष्मा वर करून डोळ्यांशी धरली. साधी, एकेरी शिवण. अंगठा तिच्यावरून एकदा या टोकाला गेला, एकदा त्या टोकाला. मग त्यांनी ती घडी न घालताच पाहुणीपुढे धरली.

"मापं घ्या हिच्यावरून. माझ्याकडे पहिल्या मापांचा कागद राहिला नाही. मी फाडला."

"अहो, अशी काय देताय?" काकू म्हणाल्या. "तेल लागलंय डोक्याचं. थांब गं, पाण्यातून काढून देते."

"नको, काकू," पुसणीबाई म्हणाली. "आहे तशीच द्या."